चितळांचं शेवटचं भाषांतर

“अक्काचं भाषांतर चुकलं होतं, तर गव्यांनी पाणवठा कसा सोडला?” जनावरं एकमेकांशी तोंडी करार करत त्या काळी धाकट्या कोतवाल पक्ष्याने हे चितळांना कितीदा तरी विचारलं.

त्याच्या अक्काला साऱ्या रानाच्या बोली येत. तिने चितळांचं मागणं गव्यांना समजावलं आणि सकाळचं पाणी चितळांना मिळालं. मोबदला असा ठरला होता, की कळपाने रोज उंच गवतातून चालायचं आणि उडतील ते टोळ पंख दुखावलेल्या अक्काने खायचे. पण कळप काही चालेना. “भाषांतर चुकलं, गोडवा कमी पडला,” चितळांचा म्होरक्या पाणी पिता पिता म्हणे, “बघू पुढच्या पौर्णिमेला.” पौर्णिमा आली तेव्हा अक्का उपाशी मरून गेली होती.

म्होरक्या मोठ्या मनाने सांत्वनाला आला. “अक्का घरचीच होती रे. घरच्यांत कसला मोबदला? आणि भाषांतर तर चुकीचंच होतं.”

“नक्की ना, काका?”

“अगदी नक्की.”

धाकट्याला गव्यांची बोली जेमतेम येई. तो तडक त्यांच्याकडे गेला आणि म्होरक्याचं म्हणणं शब्दाला शब्द सांगितलं. चुकीच्या भाषांतरावरचा करार गव्यांनी तिथेच मोडला. सकाळी ते पाणवठा अडवून उभे राहिले.

चितळांसाठी धाकट्याने एवढं एकच काम केलं, तेही फुकट.