मंगळवारचा दवाखाना

"मग चूक कोणाची, बुवा? माझी की लोकांची?"

निनाद टेकडी चढून आला तो हा प्रश्न घेऊनच. ना नमस्कार, ना विचारपूस. केरोबा बुवा झोपडीच्या दारात बसले होते. एकेकाळी यांनीच त्याला संगणक शिकवला. आता वर एकटेच राहतात. चार वर्षांत हा पठ्ठ्या पहिल्यांदा उगवला होता.

"झालं काय?"

"टेकडीखाली डोळ्यांचा दवाखाना आहे ना, त्याची वेबसाइट मी सांभाळतो. डॉक्टर आता मंगळवारऐवजी गुरुवारी येतात. पान ज्या स्क्रिप्टच्या फाइलमधून वार उचलतं, तिच्यात मी महिन्यापूर्वीच तो बदलला. तरी माणसं मंगळवारीच येतात, कुलूप बघतात आणि शिव्या मला!"

"तुला काय दिसतं?"

"गुरुवार. हे बघा ना." त्याने लॅपटॉप पुढे केला.

बुवांनी तिकडे पाहिलंच नाही. "तुझ्या ब्राउझरची कॅश? एकदा आणलेल्या फायली साठवून ठेवते ती?"

"काम करताना बंदच ठेवतो. मला दर वेळी ताजी फाइल लागते."

"आणि लोकांची?"

"चालू असणार. त्यांनी पुसावी! दोन बटणं दाबायला काय होतं?"

बुवांनी कफनीतून आपला फोन काढून त्याच्या हातात दिला. निनादने दवाखान्याचं पान उघडलं.

मंगळवार.

"काल उतरलो होतो," बुवा म्हणाले. "फोन वाचून सांगतो, मी जातो. मागच्या मंगळवारीही गेलो. संध्याकाळपर्यंत पायरीवर बसलो."

"तुम्ही कशाला दवाखान्यात?"

बुवांनी मान वर केली. दोन्ही डोळ्यांवर साय धरली होती.

अरे, इतका वेळ समोर उभा राहून तावातावाने बोलत होतास, आणि दिसलं नाही तुला? निनादचा चेहरा खर्रकन उतरला.

"द्या... कॅश पुसून देतो."

बुवांनी फोन काढून घेतला. "माझी पुसशील. बाकीच्यांच्या घरोघर जाशील?"

"फोन फाइलचं नाव बघतो," निनाद हळूच म्हणाला. "नाव तेच दिसलं की आपल्याकडची जुनीच काढतो. नवं काही आहे का, हे विचारायलाही जात नाही."

"मग?"

तो खाली बसला. फाइलच्या नावापुढे दोनचा आकडा जोडला, पानातही तेच नाव घातलं. बुवांनी फोनवर पान पुन्हा उघडलं. फोन बोलला, गुरुवार.

काम फत्ते झालं. निनादने लॅपटॉप मिटला.

"उद्या गुरुवार. मी थांबतो इथेच. सकाळी तुम्हाला घेऊन जातो."

"चालेल."

"पण बुवा, एक फोन तरी करायचात! मला आपलं वाटत होतं, तुम्ही मजेत आहात."

"चार वर्षांपूर्वी होतो, बाळा."