थोरलीची काच

जिथं डोंगर समुद्रात पाय सोडून बसलाय, तिथल्या एका गावात दोन जावा राहायच्या.

थोरली होडीवाली. तिच्याकडे तळाला काच बसवलेला एक डबा होता. डबा पाण्यात धरायचा नि गाव बघायला आलेल्या पाहुण्यांनी वरून डोळा लावायचा. खाली पोवळ्यांची बाग, आणि वऱ्हाडाला निघाल्यासारखे नटलेले मासे. काच धुरकट होऊ नये म्हणून थोरली तिच्यावर थुंकायची नि पदरानं चोळायची. पाहुण्या बायका नाक मुरडायच्या.

"नाक मुरडा, पण डोळा लावा," थोरली म्हणायची.

धाकटी डोंगरावरची राई दाखवायची. मांडीएवढे जाड वेल, मोठ्या चोचीचा धनेश, भर दुपारी अंधार. पाहुणे तिथंच रमायचे, होडीकडे फिरकायचे नाहीत. ते थोरलीला खुपायचं.

"माझे मासे नाचतात गो. तुझी झाडं नुसती उभी."

"तुमचे मासे कुणाला सावली देतात काय, जाऊबाई?"

दिवसभर असं चालायचं, नि संध्याकाळी दोघींचा भात एकाच चुलीवर.

एकदा गावानं ठरवलं, पाहुण्यांच्या गाड्या लावायला उतारावरची झाडं तोडायची. धाकटी धापा टाकत आली.

"जाऊबाई, बैठकीत तुमचा शब्द चालतो. एकदा नको म्हणा."

थोरली बांगडे साफ करत होती. तिच्या मनात आलं, राई विरळ झाली तर पाहुणे जातील कुठं? माझ्याच होडीत. बांगड्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "मला बाई झाडांतलं काय कळतंय."

बांगडा बिचारा गप्प राहिला.

झाडं पडली. मग पाऊस आला, नि डोंगराची लाल माती ओढ्यावाटे समुद्रात उतरली.

हंगाम उघडला. थोरलीनं पाहुणे होडीत घातले, डबा धरला.

"आजी, काही दिसत नाही."

थोरली थुंकली, चोळलं. "आता?"

"चहा दिसतो."

परत थुंकली, परत चोळलं. तोंडाला कोरड पडली. काच अशी लख्ख झाली की थोरलीला तिच्यात आपलंच नाक दिसलं. शेवटी तिनं वल्हं तळाला टेकवून वर काढलं. त्याला लाल चिखल, नि चिखलात राईतल्या झाडाचं मूळ अडकलेलं.

तिनं होडी वळवली. ते वल्हं खांद्यावर टाकून डोंगर चढली. धाकटी एका बुंध्यावर बसली होती.

"तुझं सामान माझ्याकडे आलंय गो. परत घे."

धाकटीनं वल्ह्याकडे बघितलं. "आता कळतं वाटतं झाडांतलं?"

"चूक झाली माझी. आता लावायला शिकव."

त्याच आठवड्यात थोरली बैठकीत उभी राहिली नि गाड्या गावाबाहेरच्या माळावर धाडल्या. मग दोघींनी उतारावर रोपं लावली. भांडणं चालूच होती, फक्त आता खड्ड्यांवरून.

सात पावसाळे गेले तेव्हा पाणी निवळलं. मासे आले. पोवळी थोडी आली, थोडी कायमची गेली.

आता कुणी होडीशी आलं की थोरली डबा मागं लपवते. "आधी वर जाऊन जावेची राई बघून या."

"का हो आजी?"

"माझी काच तिथं पुसली जाते."

तात्पर्य: जावेची झाडं पडताना जी गप्प बसते, तिनं मग कितीही थुंकावं, काचेतून चिखलच दिसतो.