टिक-टक नाही, म्हणून गाणं नाही

एक होतं दुकान. घड्याळं दुरुस्त करायचं.
दुकानात भिंतीवर होतं एक जुनं घड्याळ. घड्याळाखाली होती एक फट. फटीत राहायचा एक रातकिडा.
केवढा? वाटाण्याएवढा.

घड्याळ म्हणायचं, टिक-टक. रातकिडा म्हणायचा, किर्र.
टिक-टक, किर्र. टिक-टक, किर्र.
दुपार कलली, की उन्हाचा कवडसा फटीपाशी यायचा. मग घड्याळ चार टोले द्यायचं.
ठण ठण ठण ठण. रोजच्या रोज.

एकदा काय झालं?
टिक-टक, किर्र. टिक-टक, किर्र. टिक…
घड्याळ बंद.

रातकिड्यानं एकट्यानं गाऊन पाहिलं. कि… कि… र्र. छे! गाणं अडखळलं. टिक-टक नसेल, तर त्याला गाताच यायचं नाही. त्याला रडू आलं. तो थोडं रडला. मग निघाला.

टुण टुण टुण. भिंत चढून गेला घड्याळाकडे.
"टिक-टक नाही, म्हणून गाणं नाही. घड्याळदादा, टिक-टक कर ना."
"करीन की," घड्याळ म्हणालं. "पण माझ्या पोटात धूळ आहे. जा मालनताईकडे."

मालनताई दुकानात काम शिकत होती. नवी होती. हातात चिमटा, समोर चाकंच चाकं.
टुण टुण टुण. रातकिडा गेला मालनताईकडे.
"धूळ पुसली नाही, म्हणून टिक-टक नाही.
टिक-टक नाही, म्हणून गाणं नाही.
मालनताई, धूळ पुस ना."
"पुसेन की," मालनताई म्हणाली. "पण भिंग कुठाय? भिंगाशिवाय बारीक धूळ दिसत नाही. जा शकूरचाचांकडे."

शकूरचाचा दुकानाचे मालक. भिंग त्यांच्या कपाटात. कपाटाला कुलूप.
टुण टुण टुण. रातकिडा गेला शकूरचाचांकडे.
"भिंग नाही, म्हणून धूळ पुसली नाही.
धूळ पुसली नाही, म्हणून टिक-टक नाही.
टिक-टक नाही, म्हणून गाणं नाही.
शकूरचाचा, भिंग द्या ना."
"देईन की," चाचा म्हणाले. "पण चहा कुठाय? दुपारचा चहा झाल्याशिवाय मी जागचा हलत नाही. जा लिंबाजीकडे."

लिंबाजी चहावाला. त्याची टपरी दुकानाला लागून.
टुण टुण टुण. रातकिडा गेला लिंबाजीकडे.
"चहा नाही, म्हणून भिंग नाही.
भिंग नाही, म्हणून धूळ पुसली नाही.
धूळ पुसली नाही, म्हणून टिक-टक नाही.
टिक-टक नाही, म्हणून गाणं नाही.
लिंबाजीकाका, चहा करा ना."
"करीन की," लिंबाजी म्हणाला. "पण दूध कुठाय? जा माझ्या म्हशीकडे."

लिंबाजीची म्हैस गोठ्यात बसली होती. गोठा दुकानाच्या मागे.
टुण टुण टुण. रातकिडा गेला म्हशीकडे.
"दूध नाही, म्हणून चहा नाही.
चहा नाही, म्हणून भिंग नाही.
भिंग नाही, म्हणून धूळ पुसली नाही.
धूळ पुसली नाही, म्हणून टिक-टक नाही.
टिक-टक नाही, म्हणून गाणं नाही.
म्हैसमावशी, दूध दे ना."
"देईन की," म्हैस म्हणाली. "पण चार कुठे वाजलेत? चार टोले ऐकल्याशिवाय मी दूध देत नाही. शिस्त म्हणजे शिस्त."
"मावशी, टोले घड्याळ देतं. घड्याळच बंद आहे."
"मग थांब."
"किती वेळ?"
"चार वाजेपर्यंत," म्हैस म्हणाली, आणि रवंथ करू लागली.

झाली का पंचाईत!
टिक-टक नाही, म्हणून चार नाहीत. चार नाहीत, म्हणून दूध नाही. आणि दूध नाही, म्हणून टिक-टक नाही.
आता जायचं कुणाकडे? कुणीच उरलं नाही. रातकिड्याला पुन्हा रडू आलं.

इतक्यात त्याला मागच्या खिडकीतून दुकान दिसलं. भिंत दिसली. फट दिसली.
फटीपाशी कवडसा आला होता.
म्हणजे चार वाजले होते. फक्त कुणी वाजवले नव्हते.

गोठ्यात होती दुधाची बादली. रिकामी, पालथी घातलेली.
रातकिड्यानं डोळे पुसले. पाय आवळले. घेतली बादलीवर उडी.
टुण! ठण.
टुण! ठण.
टुण! ठण.
टुण! ठण.
म्हशीला मोजता येत नाही, असं लोक म्हणतात. हिला येत होतं. चारपर्यंत.
म्हैस उठून उभी राहिली. "लिंबाजी, चल," म्हणाली. "चार वाजले."

चार वाजले, म्हणून दूध आलं. स्सर्र स्सर्र.
दूध आलं, म्हणून चहा झाला. बुडबुड बुडबुड.
चहा झाला, म्हणून चाचा प्याले. भुर्र भुर्र.
चाचा प्याले, म्हणून भिंग मिळालं. खट्!
भिंग मिळालं, म्हणून धूळ पुसली. खस् खस्.
मालनताईनं तेलाचा एक थेंब सोडला. घड्याळ पुन्हा भिंतीवर टांगलं. काटे बरोबर लावले. लंबक हलवला.

टिकटक… टिकटक… टिकटक…
रातकिडा फटीत बसून वाट पाहत होता. त्यानं पंख उघडले. कि… र्र. आणि मिटले.
"चाचा, चाललं घड्याळ," मालनताई म्हणाली.
"चाललं. पण लंगडतंय," चाचा म्हणाले. "तिरकं टांगलंयस. नुसती बघू नकोस. ऐक."

मालनताईनं घड्याळ जरा डावीकडे सरकवलं. टिक टक… टिक टक… रातकिडा गप्प.
जरा उजवीकडे सरकवलं. अगदी जरासं.
टिक-टक. टिक-टक. टिक-टक.
फटीतून आवाज आला, किर्र.
"बस," चाचा म्हणाले. "आता हात लावू नकोस."
मालनताई हसली. तिला कळलं, घड्याळ सरळ आहे की नाही, हे कुणाला विचारायचं.

पुढे पाच वाजले. ठण ठण ठण ठण ठण.
म्हशीनं एक कान हलवला आणि झोपून गेली. पाचाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

टिक-टक, किर्र. टिक-टक, किर्र.
घड्याळ लागलं चालायला, गोष्ट लागली थांबायला.