कुलूपबंद चॅनेल

“वायफायचा तो चॅनेल रिकामा होता, तर त्याला कुलूप कोणी घातलं होतं?”

निरंजनबुवांनी असं विचारलं आणि मठाचं वायफाय सांभाळणाऱ्या शार्दूलला हसू आलं. बुवा पूर्वाश्रमी जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते खरे, पण ते कुठल्या जमान्यात! त्यांना आता वायफाय काय समजावणार?

“वायफायचा डबा बनवणाऱ्या कंपनीने घातलं होतं, बुवा. मी डब्याचं सॉफ्टवेअरच बदललं आणि ते उघडलं. खाडीकाठच्या हॉटेलांनी बाकीचे सगळे चॅनेल भरून टाकलेत. मठातला मुलांचा ऑनलाइन वर्ग सारखा अडकायचा. आता बघा, कसा सुरळीत चालतो!”

मच्छीमारांचा म्होरक्या काशिनाथ तांडेल ओसरीवर बसला होता. त्याने फोन पुढे केला.

“काल रडारने पाऊस दाखवला, म्हणून मी होड्या थांबवल्या. थेंब पडला नाही, बुवा! आजही तेच. पोरं चिडलीत. म्हणतात, यापुढे रडार बघायचंच नाही. उद्या खरं वादळ आलं, तर त्यांना कुठल्या तोंडाने थांबवू?”

फोनवरच्या चित्रात हवामान केंद्राच्या रडारपासून पावसाचा एक सरळसोट पट्टा निघाला होता. तो थेट मठावरून समुद्रात गेला होता. वर आभाळ निरभ्र होतं.

बुवा शार्दूलकडे वळले. “तुझा डबा बंद कर.”

त्याने नाइलाजाने बंद केला. थोड्या वेळाने नवं चित्र आलं. पट्टा गायब!

शार्दूलचे कान तापले. पण इतक्यात हार मानेल तर तो शार्दूल कसला!

“योगायोग असेल. मी आधी नीट ऐकून घेतलं होतं, बुवा. त्या चॅनेलवर चिटपाखरूही नव्हतं. नुसती शांतता.”

“हं… रडारला पाऊस कसा कळतो?”

“त्यात काय? ते हाक मारतं. ती पावसावर आपटून परत येते.”

“आणि हाक मारून झाल्यावर रडार काय करतं?”

“काय करणार…”

बुवा उठले. मठाच्या कठड्याशी गेले आणि खाडीपलीकडच्या कड्याकडे तोंड करून ओरडले, “ओऽऽ!”

“कोणाला बोलावताय?” शार्दूलने लगेच विचारलं.

बुवा पुन्हा ओरडले, “ओऽऽ!”

“अहो, पलीकडे कोणी राहत नाही! नुसता कडा आहे तो. तिथे कोण तुम्हाला—”

बुवांनी डाव्या हाताने त्याचं तोंड दाबलं आणि तिसरी हाक दिली.

…

“ओऽऽ!” खाडीपलीकडून आवाज आला.

बुवांनी हात काढून घेतला, तरी शार्दूल बोलला नाही. एवढी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती. त्याने लॅपटॉप मांडीवर ओढला आणि मोठ्या हौसेने केलेला बदल पुसून टाकला.

“काशिनाथकाका, पोरांना सांगा, रडार चुकलं नव्हतं. मी चुकलो होतो. हाक मारून ते कान देऊन ऐकत होतं आणि माझा डबा त्याच चॅनेलवर मध्येच बडबडत होता. वर्गासाठी मी वायर ओढतो.”

काशिनाथने मान हलवली. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

शार्दूल अजून कड्याकडेच बघत होता.

“कडा बोलला, बुवा.”

“तो पहिल्या हाकेपासून बोलतोय.”