उबेची खोली

एकदा एका बंदरावर तारली इतकी उतरली, की होड्या भरल्या, टोपल्या संपल्या आणि उरलेली मासळी नेहमीप्रमाणे माडांच्या आळ्यांत खत म्हणून गेली. पुढच्या हंगामात मात्र तिथे डबे भरण्याचा कारखाना उभा राहिला. अहो, काय तो उत्साह! मासा तेलात घालून डब्यात बंद करायचा आणि तो वर्षभर टिकणार! गावाचा विश्वासच बसेना.

कारखान्यात भिकाजी मिस्त्री हे वृद्ध जाणकार होते. त्यांच्या हाताखाली यंत्रावर झाकणे बसवायला शिकणारी चांगुणा ही मासेमारी करणाऱ्या खारव्याची लेक. पहिले शंभर डबे तयार झाले, तेव्हा व्यापारी म्हणाला, "पंधराव्या दिवशी माझे गलबत सुटेल. माल पसंत पडला, तर सगळा हंगाम माझा." चांगुणेचे पाय जमिनीवर ठरेनात!

आणि मिस्त्रींनी काय करावे? ते शंभर डबे उचलून बॉयलरशेजारच्या तापलेल्या खोलीत ठेवले.

मासळी आणि उष्णता! जिने जन्मभर आईला बर्फासाठी धावताना पाहिले, तिला हे कसे बघवेल? म्हातारा चळला, असे पुटपुटत तिने दुपारच्या सुट्टीत सारे डबे बर्फात पुरले.

चौथ्या दिवशी मिस्त्रींना खोली रिकामी दिसली. "कोणी हलवले गो?"

"मीच. कुजले असते ना, आजोबा! सगळं गाव तोंडघशी पडलं असतं."

मिस्त्री हसले. "पोरी, ताज्या माशाला बर्फच हवा. बंद डब्याचं निराळं. झाकणात केसाएवढी फट असली, तरी बर्फात तो गुणी बाळासारखा पडून राहील. आणि मग कुजेल कोणाच्या तरी घरी, पोराबाळांच्या ताटात. उबेत तो इथेच फुगेल, आपल्या डोळ्यांदेखत. मी मासा नाही तापवत, आपलं काम तापवून बघतोय. अजून दहा दिवस आहेत, तेवढे पुरतील."

डबे परत उबेत गेले. चौदाव्या दिवशी व्यापारी येतो, तर चांगुणा धक्क्यावर ओरडत धावते आहे, "फुगले! तीन फुगले!"

"अगं, मग नाचतेस काय?" व्यापाऱ्याने विचारले.

"तिन्ही माझ्याच हातचे! यंत्राचं चाक सैल होतं, सापडलं! आता उरलेल्यांतला कुठलाही फोडा, आधी मी खाते."

"माल दाखवणारे खूप भेटले, चूक दाखवणारी तूच पहिली," व्यापारी म्हणाला, आणि त्याने हंगाम घेतला.

त्या वर्षी माडांच्या वाट्याला एकही तारली आली नाही. नव्या डब्यांची पहिली रास चांगुणा आता स्वतःच उबेच्या खोलीत नेऊन ठेवी. आपण मात्र आपल्या कामावर बर्फ घालून बसतो, नाही का?