शास्त्रीबुवांच्या पायाशी

दवंडीच्या डफाची ती थाप चांगो ठाकराच्या कानात म्हातारपणापर्यंत राहिली. महाराजांनी जंगलातल्या वाटाड्यांची परीक्षा जाहीर केली होती. जो नापास होईल, त्याला जंगल सोडावं लागणार होतं. चांगोचं बिऱ्हाड त्याच जंगलात होतं.

परीक्षा घ्यायला महाराजांसोबत दरबारचे नारोशास्त्री आले. सागाच्या वाळल्या पाचोळ्यात उभे राहून त्यांनी विचारलं, “काय रे चांगो, छद्मावरण म्हणजे काय?”

“हा शब्द कधी ऐकला नाही, शास्त्रीबुवा.”

“मग ऐक. छद् म्हणजे झाकणं. त्यावरून छद्म, म्हणजे खरं रूप झाकणारं सोंग. ते सोंग पांघरलं की झालं छद्मावरण. शब्दाचं मूळ ठाऊक नाही, आणि हा म्हणे जंगल ओळखतो.” शास्त्री महाराजांकडे पाहून हसले आणि जागचे न हलता अर्धा तास शब्दांची मुळं उकरत राहिले.

चांगो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी महाराजांनी विचारलं, “कळला का अर्थ?”

“कळला, सरकार. बुवांनी फार नीट सांगितला. फक्त त्यांनी उजवा पाय जरा जपून उचलावा. तो अर्थ मघापासून त्यांच्या अंगठ्याजवळ अंडी उबवत बसलाय.”

सगळे खाली वाकले. पाचोळ्याच्याच रंगाची रातवा पक्ष्याची मादी तिथं डोळे मिटून बसली होती.

महाराज पोट धरून हसले. “चांगोचं बिऱ्हाड आहे तिथंच राहील,” ते म्हणाले.

शास्त्र्यांनी धोतराचा सोगा सावरला, पाय अलगद मागं घेतला आणि ते चालू लागले.