दरवाज्यावरचा डफ

सोनटेक संस्थानच्या दरबारात एक रीत होती. फिर्यादीचं बोलणं दरवाज्यावरच्या दवंडीवाल्याला ऐकू आलं, की तो डफ वाजवी. डफ वाजला तरच राजेसाहेब निवाडा देत.

दिवाण त्रिंबकपंतांनी तबेल्यासाठी कुंभारांची मातीची जागा बळकावली होती. दोन कुंभार घसा बसेपर्यंत ओरडून गेले, पण दिवाणांची माणसं गर्दीत असा गलका करत, की डफ काही वाजला नाही. एका तंट्यासाठी तीनच फिर्यादी करता येत; तिसरी शेवटची. ती हुकली की मातीवाचून गावातल्या कुंभारांची चाकं थांबणार होती. त्यासाठी म्हातारी कुंभारीण सगुणाबाई उभी राहिली.

"हिला तरी आवाज आहे का?" दिवाण हसले. गलका वाढला.

सगुणाबाई बोललीच नाही. नुसती गर्दीवरून नजर फिरवत राहिली. ही गप्प का, म्हणून लोक जरा थबकले, तशी ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "परवा दिवाणसाहेब माझ्या दारात आले होते. एकटेच. काय म्हणाले, ते सांगते."

दिवाणांच्या माणसांनीही कान टवकारले. दरबार चिडीचूप झाला.

"म्हणाले, मातीच्या जागेची फिर्याद सोड, नाहीतर घर मोडीन."

दरवाज्यावर डफ वाजला.

राजेसाहेबांनी जागा कुंभारांना परत दिली. दिवाण फणकारले, "एवढ्याशा कुजबुजीला बोलणं म्हणायचं?"

"साहेब, मडकं पक्कं आहे का, ते आम्ही टिचकी मारून ओळखतो," सगुणाबाई म्हणाली. "दणका घातला, तर हातात खापऱ्या येतात."